पलंगावर आधी झोपणारे काका

माझ्या आईसाठी धावून आले ते वाशीमचे क्लबवाले काका. हे आधी लिहितो, काय झालं ते मागाहून. त्यांचं नाव मात्र लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

काकांची एक रीत होती. आजारी माणसाच्या घरी पलंग पोचवला की ते चपला काढायचे, स्वतः त्यावर आडवे व्हायचे, हात छातीवर घेऊन डोळे मिटायचे. घरातली माणसं बावरून बघत राहायची. मग एक डोळा उघडून म्हणायचे, "हे पाहा, मी उठून राह्यलो." आणि उठायचे.

अशा सेवा क्लबची माणसं तुम्हीही पाहिली असतील. डोळ्यांचं शिबिर, रक्तदान, शाळेत वह्यावाटप, मागे बॅनर आणि पुढे फोटो. काका त्या फोटोंत कधी धड दिसले नाहीत. बॅनरचं एक टोक त्यांच्याच हातात, म्हणून अर्धा चेहरा कापडाआड. स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं सायकलचं दुकान होतं. क्लबचे पलंग, चाकाच्या खुर्च्या, वॉकर त्या दुकानामागे ठेवलेले असत. ज्याला लागेल त्याने न्यावं, काम झालं की परत करावं. काम झालं म्हणजे काय, ते काका कधी उघड बोलत नसत.

मी आठवीत शाळा सोडली. हैदराबादजवळ औषधांच्या कारखान्यात खोकी भरतो. घरून अवेळी फोन आला की अजूनही हातातलं खोकं आधी खाली ठेवतो. तेव्हा तसाच आला होता. आमच्या गावी, रिठदला, आईला लकवा मारला होता. वडील आधीच गेलेले, घरी फक्त धाकटी बहीण. दवाखान्यातून आणल्यावर आई खाली वाकळेवर पडून होती आणि तिची पाठ सोलवटायला लागली होती. बहिणीला एकटीला तिची कूस बदलता येईना. मी रजा घेऊन आलो होतो, पण ती संपत आली होती. उशीर केला तर जागा गेली, असं ठेकेदाराने बजावलं होतं, आणि घर माझ्याच मजुरीवर.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी क्लबचं सांगितलं. काका मालवाहू ऑटोत पलंग घेऊन आले. मूठ फिरवली की डोक्याकडची बाजू उचलणारा, वर हवेची गादी. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात शेजारच्या काकूने पलंगाच्या उशाकडची पाटी वाचली. "अवं, याच्यावर कैलासवासी लिवलं हाय. स्मरणार्थ. मेल्या मानसाचा पलंग हाय हा."

पलंग कुणीतरी आपल्या वडिलांच्या नावाने क्लबला दिलेला होता. देणाऱ्याचा मान म्हणून तशी पाटी लावतात. पण आईने ते ऐकलं. तिचे शब्द तोंडात लोळायचे, तरी हे स्पष्ट आलं, "मले नोको."

आमचं बौद्धांचं घर, शकुन-अपशकुन आम्ही मानत नाही, असं मी मोठ्याने म्हणालो. आईने तोंड फिरवलं. तिला मरायचं भेव वाटत होतं.

काका पलंगाशी गेले. चपला काढून आडवे झाले, डोळे मिटले. गल्लीतल्या बाया दारात जमल्या. मग एक डोळा उघडला. "हे पाहा माय, मी उठून राह्यलो."

"मंग तुमीच ऱ्हा त्याच्यावर," आई म्हणाली.

"ऱ्हातो ना. चहा तेवढा इथंच पाजा."

आणि खरंच पडल्या पडल्या बशीतून चहा प्याले. थोडा कानात गेला. आईचं अर्धं तोंड हसलं. पण नजर परत त्या पाटीवर गेली, आणि काकांनी ती पाहिली. खिशातून पाना काढून ते पाटीचे बोल्ट सोडवायला लागले.

"काका, तुमाले कोनी बोलन," मी म्हटलं.

"बोलू दे. पाटी दुकानात लावतो, रोज पुसतो. मायच्या उशाशी कायले पायजे?"

मग आम्ही दोघांनी आईला उचलून पलंगावर ठेवलं. त्याच दिवशी मी गाडीत बसलो.

क्लबच्या सभेत त्या पाटीवरून काका खूप ऐकून घेत होते, हे मला ऑटोवाल्याने पुढे सांगितलं. काकांकडून ते कधी कळलं नाही. ते अधूनमधून रिठदला जायचे, गादीत हवा भरायचे, बहिणीला कूस बदलू लागायचे आणि फोन आईच्या कानाशी धरायचे. "बोल रे, ऐकून राह्यली माय," एवढंच मला ऐकू यायचं. पाठीच्या जखमा भरल्या नाहीत. वाढल्याही नाहीत.

आई थंडीत गेली. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. बहिणीने पलंग धुऊन अंगणात उभा केला होता. काका तो न्यायला आले. शेजारच्या काकूने विचारलं, "आज झोपून नाही दाखवत का, भाऊ?"

काका पलंगाच्या लोखंडावर हात ठेवून उभे राहिले. "आज नाही. माय उठली नाही, तं मी कसा उठून दाखवू?"

मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

उन्हाळ्यात बहिणीचा फोन आला. काका दुकानातच कोसळले, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. माझी पाळी चालू होती. जाता आलं नाही. पट्ट्यावरून खोकी येत राहिली आणि मी भरत राहिलो.

पुढे वाशीमजवळच्या मालेगावला मावशीच्या सासूचं खुब्याचं हाड मोडलं. क्लबचा नवा पलंग आला. बहीण तिथेच होती. उशाकडे पाटी, तिच्यावर काकांचं नाव, पुढे स्मरणार्थ. ज्यांनी ती लावली त्यांनी मानानेच लावली असेल. पण म्हातारी भ्याली, पलंगाला हात लावू देईना. बहिणीने चपला काढल्या आणि आडवी झाली.

"काय म्हनली तू तिले?" मी फोनवर विचारलं.

"काय म्हनू दादा? डोये मिटले, मंग एक उघडला. उठताना रडू आलं, पन उठली."

काका, मी एक पलंग देईन. आज जमत नाही, पण देईन. त्यावर पाटी नसेल, तुमचीही नाही, आईचीही नाही. म्हणूनच इथेही तुमचं नाव लिहिलं नाही. मी वाशीमला उतरेन, पलंग ज्या घरी जायचा तिथे स्वतः नेईन, चपला काढीन आणि आधी मी झोपेन.