फोटोतला तांबडा ठिपका

सुपडाअक्कांचं नाव आधी लिहून टाकतो. बाकीचं नंतर. कारण बाकीचं लिहायला घेतलं की मी स्वतःबद्दलच बोलत बसेन – आणि त्यांचं नाव पुन्हा मागं राहील. एकदा राहिलंच आहे.

हे मी आईला सांगितलं नाही. खोलीवरच्या पोरांना नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हेही भित्रेपणाचंच झालं, नाही का?

मी कोकणातला. नववीत शाळा सुटली – सुटली म्हणजे मीच जायचा बंद झालो. आधी बोदवडला कापसाच्या जिनिंगमध्ये एक हंगाम काढला, मग ओळखीच्या एकानं नरडाण्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला लावलं. नव्या जागी मला माणसांशी बोलता येत नाही. काय बोलू, हसतील का, हाकलतील का, असं सारखं वाटत राहतं. म्हणून कॅमेरा. बोदवडच्याच एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून घेतलेला, जुना, लांब भिंगाचा. तो डोळ्याला लावला की आपण इथं का उभे आहोत याला काहीतरी कारण मिळतं. बोदवडला मी माणसांच्या आधी चिमण्या-होले ओळखायला लागलो होतो. डोंगर, वावरं, बाभळी, पाखरं – सुट्टीच्या दिवशी काढायचो आणि आईला पाठवायचो. ती म्हणायची, एवढं उघडं रान, तुला भीती नाही वाटत? वाटायची की. पण ते तिला कशाला सांगू?

नरडाण्याला आलो तो वैशाख होता. गुरुवारी कंपनीला सुट्टी. पहिल्याच गुरुवारी पाण्याची बाटली न घेता निघालो. कोकणातला माणूस – पाणी कुठंही असतं अशी माझी समजूत. दुपारी एका बाभळीखाली बसलो तो उठता येईना. डोळ्यांपुढं पिवळं पिवळं. तेव्हा बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंट्या ऐकू आल्या आणि तांबडं लुगडं दिसलं.

"कथाईन उना रे तू? पानी नही लिधं का संगे?"

सुपडाअक्का. कुठून आलास, पाणी नाही घेतलं का, विचारत होत्या. साठीच्या असतील. खांद्यावर आकडी – लांब बांबू, टोकाला विळ्याचं पातं. बकऱ्यांसाठी उंचावरचा पाला तोडायला. त्यांनी मला धरून नानांच्या विहिरीवर नेलं, हौदाशी बसवलं, डोक्यावर पाणी ओतलं. त्यांच्या फडक्यातली अर्धी भाकरी मी खाल्ली. तेवढ्यात नाना आले. वावर त्यांचं. कॅमेरा बघितल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला. तुम्हाला कळायचं नाही कदाचित, पण एमआयडीसीच्या कडेला ज्याचं वावर आहे त्याला अनोळखी माणसाच्या हातातला कॅमेरा म्हणजे मोजणी वाटते. आज फोटो, उद्या नोटीस. नाना मला उठवायलाच निघाले होते.

अक्का मध्ये उभ्या राहिल्या. "ऱ्हाऊ द्या, नाना. हाऊ पाखरेस्ना फोटू काढस, वावरना नही. मी सांगस ना!"

मला भेटून त्यांना तासभर झाला होता. मी पाखरांचे फोटो काढतो हे त्यांनी माझ्याच तोंडून ऐकलं होतं. खरं की खोटं, त्यांना काय ठाऊक? तरी म्हणाल्या, मी सांगस ना.

त्या एका वाक्यावर मला ते रान मिळालं. दर गुरुवारी विहिरीवर जायचो. अक्का मला 'कोकन्या' म्हणायच्या, माझ्या 'होतंय-करतंय'ची नक्कल करून हसायच्या. कुठं ससा बसतो, कुठं तित्तिर, सगळं त्यांनीच दाखवलं. आणि पाऊस सरल्यावर, कपाशीची वेचणी चालू असताना, कापशी घारीचं घरटंही त्यांनीच दाखवलं. विहिरीजवळच्या बाभळीत. पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची छोटी घार. वावरातले उंदीर खाते म्हणून नानांचा तिच्यावर फार जीव. माझी राखणदार, म्हणायचे. तीन पिल्लं होती.

"दूरथीन काढजो बरं," अक्का म्हणाल्या. "जवळ जाऊ नको."

मी लांबूनच काढत होतो. तीन गुरुवार. पण प्रत्येक फोटोत पाला आड यायचा. एक चोच दिसायची, एक पंख – पूर्ण काही नाही. आणि मला पूर्ण पाहिजे होतं. का पाहिजे होतं? कोणी मागितलं होतं? कोणी नाही. नववीत सुटलेल्या पोरानं एक तरी गोष्ट पूर्ण केली, असं काहीतरी डोक्यात असेल. जाऊ दे. ते महत्त्वाचं नाही. मी उगाच लांबवतोय.

चौथ्या गुरुवारी सकाळी अक्कांच्या बकऱ्या एकदम टेकडीकडं उधळल्या. कुत्र्याला बुजल्या असतील. अक्कांनी भाकरीचं फडकं आणि आकडी हौदाला टेकवली, "ध्यान ठेवजो रे कोकन्या" म्हणाल्या आणि धावल्या. मागं एकटी चांदी राहिली – म्हातारी, लंगडी बकरी. ती धावायचीच नाही.

मी आकडी उचलली. विहिरीच्या मोटारीच्या खोलीच्या छतावर चढलो. एकच डहाळी काढायची होती. एकच, असं मी तोंडानं म्हणतसुद्धा होतो. मग दुसरी. मग वरची एक, ऊन नीट पडावं म्हणून. घार डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. मी तिचेही फोटो काढले.

आणि मग पिल्लं. तिघं उघड्यावर, उन्हात, माझ्याकडं बघत. मी आयुष्यात इतका चांगला फोटो काढला नव्हता.

खाली चांदीनं तोडलेला पाला खाऊन टाकला. नुसते दांडे उरले. मी आकडी हौदाला टेकवली – पण दुसऱ्या बाजूला. अक्का परत आल्या तेव्हा मी निघायच्या घाईत होतो. त्या आकडीकडं क्षणभर बघत राहिल्या. मग उचलली. वर त्यांनी बघितलं नाही, उन्हाची तिरीप होती तिकडं. मी वाटेला लागलो.

पुढच्या गुरुवारी गेलो तर घरटं रिकामं. कावळ्यांनी नेली होती – उघडी पडली ना. घार बाभळ सोडून गेली होती. खाली नाना उभे, हातात चघळलेले दांडे. समोर अक्का.

"मी पाला तोडस ते डोळा उघडा ठेईसन तोडस, नाना. पिल्लूना घर नही तोडस मी."

"मंग हाई कापेल कशानी शे? तुनीच आकडी ना?"

मग नानांनी माझ्याकडं बघितलं. "तू व्हता ना तठे? सांग बरं."

सांगायला काय लागत होतं? दोन शब्द. मी तोडलं. एवढंच. पण मला नानांचा वैशाखातला चेहरा आठवला. हे रान जाईल, नाना कंपनीत सांगतील, पुन्हा कुठंतरी नवं गाव, नवी खोली – असं भराभर डोक्यात आलं. आणि मी म्हणालो, "मी लवकर निघालो, नाना. तेव्हा सगळं ठीक होतं. अक्का होत्या मागं."



अक्कांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं होतं – आकडी दुसऱ्या बाजूला होती, मी एकटाच होतो, तिसरं कोण येणार? त्या एक शब्द बोलून मला जागच्या जागी उघडा पाडू शकल्या असत्या. नाही बोलल्या. पदर डोक्यावर ओढला आणि बकऱ्या हाकल्या.

नानांनी त्यांना हौद बंद केला. वेचणी झाल्यावर वावरात बकऱ्या सोडायच्या, तेही बंद. नानांचं बघून शेजारच्यांनीही केलं. उन्हाळ्यात अक्का बकऱ्यांना पाण्यासाठी हायवेपलीकडच्या नाल्यावर न्यायला लागल्या. हायवे ओलांडताना एक दिवस ट्रकखाली दोन गेल्या. एक चांदी. धावता यायचं नाही तिला.

मी? मी विहिरीवर जातच होतो. नाना मला चहा पाजायचे. कंपनीनं नव्या वर्षाच्या कॅलेंडरसाठी फोटो मागितले, मी पिल्लांचा दिला आणि तो छापला गेला. नानांनी ते कॅलेंडर आपल्या ओट्यावर टांगलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे – आमच्या राखणदाराची पिल्लं, ह्या पोरानं काढली.

आता खरं सांगायचं ते सांगतो. इतका वेळ ते टाळत आलो.

तो फोटो अख्खा नाही. देण्याआधी मी डावी बाजू कापली होती. मूळ फोटोत त्या बाजूला नुकत्या तोडलेल्या डहाळ्यांची पांढरी टोकं आहेत. आणि त्यांच्या मागं, खूप लांब, टेकडीच्या उतारावर, धूसर – एक तांबडा ठिपका. भोवती काळे-पांढरे ठिपके. लुगडं आणि बकऱ्या. डहाळ्या तुटल्या तेव्हा अक्का कुठं होत्या, हे त्या फोटोत स्पष्ट आहे. नानांनी माझ्याकडं बघितलं, तेव्हा तो फोटो माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्यात होता. अक्कांची साक्ष माझ्याकडं होती आणि नंतर ती मी स्वतःच्या हातानं कापली.

अक्कांनी उरलेल्या बकऱ्या विकल्या. शिरपूरकडं मुलीकडं निघाल्या तेव्हा फाट्यावर एसटीची वाट बघत बसलेल्या मला दिसल्या. बोचकं, आणि आकडी. बकऱ्या नाहीत तर आकडी कशाला नेत होत्या, कोण जाणे. मी तोंड चुकवणार होतो. त्यांनीच हाक मारली.

"ए कोकन्या! पानी लिधं का संगे?"

मी बाटली वर करून दाखवली. त्या हसल्या. एसटी आली.

तेव्हाही सांगितलं नाही.

मूळ फोटो अजून आहे. गेल्या महिन्यात धुळ्याला जाऊन तो मोठा करून आणला – अख्खा, काही न कापता. गादीखाली आहे, जाड पुठ्ठ्यात. अक्का, एक दिवस तो घेऊन मी नानांच्या ओट्यावर जाईन. कॅलेंडर उतरवीन, हा तिथं लावीन, ठिपक्यावर बोट ठेवीन आणि म्हणेन – ह्या अक्का. एवढ्या लांब होत्या. आकडी माझ्या हातात होती. मी सांगतो ना.