सरासरी वेग आणि गवताचा भारा

मंडळी, आज कंपनीला सुट्टी, म्हणून सकाळीच आंदर मावळात सायकल काढली. ट्रायथलॉनची तयारी चालू आहे. नोकरी सांभाळून आठवड्यात ही एकच लांब फेरी जमते, त्यामुळे घड्याळातला सरासरी वेग मी जिवापाड जपतो.

वाटेत गवताच्या भाऱ्याशेजारी उभ्या असलेल्या एका मावशींनी हात केला. "भाऊ, एवढा भारा उचलू लागता का?"

थांबलो असतो तर सरासरी घसरली असती. "आलोच मावशी, वळून येतो," म्हणत पुढे गेलो.

अर्ध्या तासाने परतलो, तर मावशी तिथेच बसलेल्या.

"तुमी येतो म्हनला व्हता ना, मंग दुसऱ्या कुनाला हाक न्हाई मारली."

मी घड्याळ बंद केलं आणि भारा त्यांच्या डोक्यावर दिला.

तिथवरचा वेग माझा आजवरचा सर्वोत्तम आहे. सांगा, मिरवू का?