फळीवरचं आंदोलन चिघळलं

हे बायकोलाही ठाऊक नाही. असतं तर माझ्या भाषाशुद्धीवरच्या व्याख्यानांना ती पुढच्या रांगेत बसली असती का?

चिघळणं म्हणजे काय? औषध सोडून नुसता हात लावत राहिलं की जखम चिघळते. घरी आपण एवढंच म्हणतो. वर्तमानपत्रात मात्र काहीही चिघळतं – पाणीप्रश्न, बदल्या, सभापतिपदाचा रुसवा. ऐंशीच्या दशकात मी नागपूरच्या एका दैनिकाचा चंद्रपूरचा वार्ताहर होतो. लोक शांतपणे बसले, ही बातमी कोण छापणार? 'चिघळले' लिहिलं की पहिलं पान. खांद्याला शबनम लावून आम्ही स्वतःला लोकशाहीचे राखणदार म्हणवत असू. पिशवीत बहुधा पानाचा डबा असे.

अशाच एका मे महिन्यात चामोर्शीच्या पुढच्या एका गावात बाया तेंदूपानांच्या फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागेवर, बसल्या होत्या. ठेकेदाराचा मुन्शी काही पुडे खराब म्हणून बाजूला काढी, त्यांचे पैसे देत नसे – आणि पुडेही ठेवून घेई. ते परत करा, एवढंच मागणं. मी गेलो तेव्हा बाया मोहाच्या सावलीत गप्पा मारत होत्या. मुन्शी घोरत होता. त्यांची पुढारी पार्बताबाई म्हणाली, "फोटो काऊन काढून राह्यले भाऊ? भांडण त झालंच नाई अजून!" सगळ्या हसल्या.

मी लिहिलं – तेंदू आंदोलन चिघळले.

बातमी आली त्याच दिवशी पोलिसांची गाडी आली. ठेकेदारानं तेच वर्तमानपत्र नाचवत फळी बंद केली. पानं तोडायचे दिवस थोडेच असतात; वर्षभराची रोकड त्यांतच मिळते. गावाचा तो हंगाम गेला. 'चिघळलेली परिस्थिती कुशलतेनं हाताळल्याबद्दल' पोलीस साहेबांनी हार घालून घेतला – ती बातमीही माझीच.

पुन्हा गेलो. पश्चात्तापानं? नाही – पुढच्या बातमीसाठी. पार्बताबाईच्या अंगणात न विकलेले पुडे वाळून चुरा झाले होते.

"आमी भांडलो म्हून कोनं लिवलं जी?"

मी म्हणालो, नागपूरच्यांनी. मला न विचारता.

"मले वाटलंच. तुमी त पाह्यलं होतं ना," ती म्हणाली, आणि मला पाणी आणून दिलं.

मी ते प्यालो.