घोटभर दुधाचं नातं

मूल घरात आलं, पण ते कधी माझं होईल का, ही शंका मला आतून कुरतडत होती. रेहान माझ्या मिस्टरांच्या चुलत भावाचा मुलगा. त्याची आई बाळंतपणात गेली, वडील पुढे अपघातात गेले, आणि दीड वर्षाचं ते पोर आमच्या मारुंजीच्या घरी आलं. आम्हाला मूलबाळ नाही. मी इथे आयटीतल्या मुलांसाठी मेस चालवते. किराणा, गॅस, भाजी, कामाच्या बायकांच्या सुट्ट्या, सगळं माझं लिहून ठरलेलं असतं. रेहान आल्यावर त्याच्या लशी, औषधं, खाणं यांचंही वेळापत्रक फ्रिजवर लागलं. जे लिहिता येत नव्हतं, ते मनात राहिलं.

आमच्या दीनमध्ये, म्हणजे धर्मात, अनाथ मूल सांभाळणं मोठं पुण्याचं काम मानलं आहे, पण सांभाळलेलं मूल पोटचं होत नाही. त्याने आपल्या बापाचंच नाव लावायचं. ते मला पटलं होतं. गेलेल्या माणसाचा तेवढा हक्क राहिलाच पाहिजे. दुसरी गोष्ट मात्र गळ्याखाली उतरत नव्हती. रेहान वयात आला की मी त्याला परकी बाई ठरणार होते. ज्याची शी-शू मी काढते, ज्याला माझ्या कुशीशिवाय झोप लागत नाही, त्याच्यासमोर एक दिवस मी पडदा करायचा, त्याला जवळ घ्यायचं नाही. नमाजला उभी राहिले की ओठ हलायचे आणि मन अल्लाहशी भांडत असायचं. द्यायचंच होतं तर अर्धं का दिलंस?

शेवटी धीर करून आमच्या मशिदीच्या मौलानांना फोनवर विचारलं. वाटलं होतं, सबुरीवर चार शब्द ऐकवतील. ते म्हणाले, "बाजी, तुम्हाला सख्खी बहीण आहे का? आणि तिच्या अंगावर दूध आहे का?" मूल दोन वर्षांचं व्हायच्या आत माझ्या बहिणीचं दूध प्यायलं, तर ती त्याची दूधआई होते आणि मी त्याची खाला, म्हणजे मावशी. खालापासून पडदा नसतो, जन्मभर.

बहीण होती, आणि दूधही होतं. माझी धाकटी बहीण नसीम मुठ्याला दिलेली. थोरली लेक कॉलेजात असताना तिला पुन्हा दिवस गेले, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी तिला चिडवून हैराण केलं होतं. ती लाजेने घराबाहेर पडत नव्हती. आता तिचं ते शेंडेफळ तीन महिन्यांचं होतं.

मी लगेच आखणी केली. रेहानच्या दुसऱ्या वाढदिवसाला अजून चोवीस दिवस होते, नसीमची भातलावणी आटोपली की पोराला घेऊन जायचं. मौलानांना जन्मतारीख कळवली तर ते म्हणाले, "बाजी, ही तर इंग्रजी तारीख झाली. दोन वर्षं चांदच्या हिशेबाने धरायची." चांदचं वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान. सगळा हिशेब तीन आठवडे मागे सरकला आणि हातात फक्त दोन दिवस उरले. रमजान-ईद चांद पाहून करणारी मी, पोराचे दिवस मात्र फ्रिजवरच्या कॅलेंडरवर मोजत बसले होते.

नसीम लावणी टाकून त्याच दिवशी आली. पण रेहान जन्मापासून बाटलीवरचा. नसीमने जवळ घेतलं की तो कमान करून रडायचा. उपाशी ठेवून पाहिलं, झोपेत लावून पाहिलं. "आपा, दात रोवले गं याने!" नसीम ओरडली. "तुझ्या पोरापायी मी जायबंदी होईन!" दुसऱ्या दिवशी असरची, दुपार कलल्यावरची नमाज झाली तरी तेच. मगरिबला, दिवस मावळताच, मुदत संपत होती. पोर हिरमुसून माझ्या खांद्यावर पडलेलं, आणि मी पहिल्यांदाच मनापासून म्हटलं, या अल्लाह, मला जमेल तेवढं झालं. आता तू बघ.

तेवढ्यात आमच्या घरमालकीण काकू घेवडा घेऊन आत आल्या. "काय गं, सकाळधरनं कोण रडतंय? पार रोडपत्तुर ऐकू येतंय."

मी रडतरडत सगळं सांगितलं. काकूंनी घेवडा खाली ठेवला. "मंग अंगावरच पाजाय पायजे व्हय? काढून दे की बोंडल्यानं. माझा नातू बोंडल्यावरच वाढलाय."

एवढं साधं मला सुचलं नव्हतं, कारण मौलानांना मी फक्त मुदत विचारली होती. पुन्हा फोन लावला. ते हसले. "बाजी, तोंडातून पोटात गेलं म्हणजे झालं. भांडं कुठलं ते कुणी विचारत नाही."

काकू नातवाचं चोचीचं बोंडलं घेऊन आल्या. नसीमने दूध काढून दिलं. पहिला घोट रेहानने थुंकला. काकू त्याला खिडकीशी घेऊन बसल्या. "त्यो बघ टेम्पो! केवढा लाल हाय!" "तेंपो," म्हणायला त्याने तोंड उघडलं, मी बिस्मिल्ला म्हणून बोंडलं टेकवलं, आणि दूध आत गेलं. मग त्याला चव लागली. बोंडलं रिकामं झालं तशी नसीम म्हणाली, "घ्या, आता मला अजून एक झालं. नातेवाईक काय म्हणतील!" काकू हसल्या, आमचे हे दारामागे डोळे पुसत होते, आणि मशिदीतून अजान सुरू झाली.

याला चमत्कार म्हणावं का, मला ठाऊक नाही. जो नियम मला भिंत वाटत होता, त्यातच माझ्यासाठी दार ठेवलेलं होतं, आणि ते दाखवायला काकूंना घेवडा घेऊन यावं लागलं. बहिणीला मूल दिलं तेव्हा अल्लाह मला विसरला, असं मला वाटलं होतं. तेव्हाच तो माझं काम करत होता. आता मी माझी बाजू नीट आखते, आणि उरलेलं सजद्यात कपाळ टेकवून त्याच्यापुढे ठेवते.

रेहान आता बालवाडीत जातो. उंच होईल, मिसरूड फुटेल, कामाला लांब जाईल. परत येईल तेव्हा मी दारातच त्याला कवटाळीन, आणि आमच्या दोघांच्या मध्ये ओढणीचा पदरसुद्धा येणार नाही. अल्हम्दुलिल्लाह.