कोपरा कापलेलं पाकीट

गोदाक्कांना कोरा कागद दिला की त्या तो परत करायच्या. लगेच नाही. आधी उलटासुलटा करून बघायच्या, अंगठ्यानं चोळायच्या, नाकाशी न्यायच्या, आणि मग एखाद्या मुलीचं स्थळ नाकारावं तशा हळूच माझ्या मांडीवर ठेवायच्या. "इकतचा कागद मुका अस्तो, माय," त्या म्हणायच्या. "ह्याला इचारलं, तू कुठून आला, तर काहीच सांगून नाही राह्यला. ह्यानं आजवर कामच केलं न्हाई."

तो कागद माझा असायचा, म्हणून मला राग यायचा. एक्याऐंशी साली मी लग्न होऊन जालन्यात मस्तगडला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत शालूखाली एक लेटरपॅड होतं. गुलाबी, कोपऱ्यात गुलाब छापलेला, वर गुलाबाचाच वास. मी बी.ए. होते आणि हे कुणी विचारलं नाही तरी सांगत असे. मासिकातल्या पत्रमैत्रीच्या सदरातून मी पाच मैत्रिणी जमवल्या होत्या. पत्रांत मी आकाशाला 'नभांगण' म्हणायची आणि स्वतःला 'एक वेडी'. पाचही जणींना एकच पत्र जायचं, नाव तेवढं बदलून. एकदा तेही बदलायचं राहिलं आणि नागपूरच्या मैत्रिणीनं माझं पत्र मला परत पाठवलं, सोबत फक्त एक ओळ: 'हे साताऱ्याचं आहे वाटतं.' अशा विदुषीला गोदाक्का कागदाची परीक्षा सांगायच्या.

त्या आमच्या समोर राहायच्या. त्यांचे थोरले भाऊ रंगनाथअण्णा यांचं खाली बी-बियाण्याचं दुकान, वर घर, आणि दुकानामागच्या खोलीत गोदाक्का. वय चाळिशीचं, उंच, चालताना पदर कमरेला खोचलेला. नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा त्या हसनाबादकडून माहेरी आल्या होत्या. गल्लीत कुणी 'टाकलेली' असं तोंडावर म्हणायचं नाही. 'माहेरीच असते' म्हणायचे, पण ते 'च'वर असा जोर देऊन की अर्थ पोचायचा. त्या पहाटे दुकान झाडायच्या, आणि केरातून कागद वेगळे काढायच्या.

त्यांची पत्रमैत्रीण त्यांना फुटाण्याच्या पुडीत सापडली. दुकानात कुणीतरी फुटाणे खाऊन टाकलेली पुडी त्यांनी सरळ केली, तर ते कुठल्यातरी जुन्या मासिकाचं पान, आणि त्यात एक नाव-पत्ता. चिपळूणकडची मालती, आवड: वाचन आणि पत्रलेखन. गोदाक्कांनी त्याच पुडीच्या कडेच्या कोऱ्या जागेत लिहिलं, 'तुमचं नाव फुटाण्यासोबत आलं. मीठ अजून लागलेलं आहे.' आणि पाठवून दिलं. मी पोट धरून हसले. असल्या कचऱ्याला कोण उत्तर देतं, असं म्हणाले.

उत्तर पोफळीच्या विरीवर आलं. झाडावरून गळून पडते ती सुपारीची रुंद, चामड्यासारखी झाप; तिचा तुकडा कापून, आतल्या गुळगुळीत बाजूवर मालतीनं लिहिलं होतं. गोदाक्कांनी ती मला नुसती लांबून दाखवली.

मग काय विचारता. इकडून मोसंबीच्या पेटीतला रंगीत पातळ कागद जायचा, सिमेंटच्या गोणीचा आतला पदर जायचा, बांगड्यांच्या खोक्यातला चुरचुरीत कागद, जिनिंगमधल्या कापसाच्या गठाणीवरची कागदी पट्टी. मालतीचा नवरा एसटीत कारकून. तिनं एकदा वापरलेल्या तिकिटांच्या उलट्या बाजूंवर एकेक ओळ लिहून ती दोऱ्यात ओवून पाठवली. गोदाक्कांनी ती माळ खिळ्याला टांगली, आणि मी गेले की एखादी ओळ वाचून दाखवायच्या. रंगनाथअण्णा म्हणायचे, "गोदे, केरबी तिकीट लावून पाठवून राह्यली का तू?" त्या म्हणायच्या, "अण्णा, तिकडून बी केरच येतो. बराबरीचा व्यवहार हाय." माझ्या पाच मैत्रिणी वर्षभरात आटल्या. ही एक टिकली.

एक गोष्ट मात्र गोदाक्कांनी मालतीला कधी लिहिली नव्हती. आपण नवऱ्यानं टाकलेलो आहोत, हे. मालती पत्राच्या शेवटी 'यजमानांस नमस्कार' लिहायची आणि गोदाक्का 'ते बरे आहेत' असं उत्तर द्यायच्या. "खोटं न्हाई ते," मला म्हणाल्या, "बरे असतीलच की. त्यांना काय झालंय."

मग त्यांना झालं. म्हणजे त्यांच्या दुसऱ्या बायकोला झालं. ती लकव्यानं अंथरुणाला खिळली, आणि हसनाबादकडून निरोप आला की गोदावरीला नांदवायला तयार आहोत. रंगनाथअण्णांना तर घरावरचा डाग पुसल्यासारखं झालं. मानानं बोलवून राह्यले, नवराच आहे शेवटी, तू इथं कुठवर राहशील, असं सगळं झालं. वहिनींनी साडीसुद्धा आणून ठेवली. गोदाक्का नाही म्हणाल्या नाहीत, हो म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "कोकणातून उत्तर येऊ द्या, अण्णा. मंग सांगते."

ते पत्र त्यांनी माझ्या ओट्यावर बसून लिहिलं. कागद होता कपाशीच्या बियाण्याचं रिकामं पाकीट, कडा उकलून सपाट केलेलं. आतल्या कोऱ्या बाजूला त्यांनी पहिल्यांदाच सगळं लिहिलं: टाकल्याचं, माहेरच्या खोलीचं, आलेल्या निरोपाचं. शेवटी विचारलं, 'जाऊ का?' मग आंतरदेशीय पत्रासारखी घडी घालून खळीनं चिकटवलं. घडी पडल्यावर पाकिटावरची कवटी आणि लाल अक्षरातलं 'विष' नेमकं कोपऱ्यात आलं, पत्त्याच्या शेजारी. बियाण्याला औषध लावलेलं असतं ना, म्हणून छापतात ते.

गोदाक्का त्या कवटीकडे बघत बसल्या. "मैत्रिणीच्या दारात इख कसं पाठवू?" म्हणाल्या, आणि माझ्याकडून कात्री मागून घेऊन तो कोपरा तेवढा कापून टाकला. मी 'छान तिरपं कापलंत' म्हटलं. बी.ए. होते ना मी.

उत्तर आलं नाही. पोस्टमन आला की त्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभ्या राहायच्या. तो मान हलवायचा. अण्णा रोज विचारायचे, मग एक दिवसाआड विचारू लागले, मग ओरडायला लागले. कोकणातल्या कोण कुठल्या बाईवाचून घोडं अडलंय का? गोदाक्कांचं एकच: उत्तर न्हाई आलं, म्हंजे ती हो म्हणली न्हाई. शेवटी हसनाबादवाल्यांनी सेवेला कुणी लांबची विधवा नातेवाईक आणून ठेवली आणि ते बोलणं मिटलं. अण्णा बहिणीशी बोलेनासे झाले. दुकान झाडायचं कामही त्यांनी गड्याला दिलं.

गोदाक्कांनी आणखी एक पत्र पाठवलं होतं. ते परत आलं, 'गाव सोडून गेले' असा शेरा घेऊन. त्या रात्रीचं काही मला ठाऊक नाही. सकाळी खिळ्यावर तिकिटांची माळ नव्हती. मी विचारलं तर त्यांनी चुलीत फुंकर घालत सांगितलं, "मी टाकलेली, हे तिला कळलं, सुधा. मंग तिनंबी टाकलं." मी म्हणाले, असं कसं म्हणता. पण मलाही दुसरं काही सुचत नव्हतं. त्यानंतर त्या कागद जमवायच्या, रस्त्यात वाकून उचलायच्या सुद्धा, पण लिहायच्या नाहीत. ट्रंकेत थर साचत गेले. माझी मुलं झाली, मोठी झाली, गुलाबी पॅडचे कागद त्यांनी विमानं करून उडवले. रंगनाथअण्णा गेले. समोरच्या खोलीत गोदाक्का होत्या तशाच होत्या, फक्त उंची थोडी खाली आली होती.

दोन हजार सालाच्या आसपास मी ओट्यावर तूर निवडत असताना रिक्षातून एक बाई उतरल्या. जांब समर्थला दर्शनाला निघालेल्या बसमधल्या होत्या. बस जालन्यात जेवायला थांबली होती. बियाण्याचं दुकान बघून माझ्याकडे वळल्या. "इथे गोदावरीबाई राहायच्या," म्हणाल्या. "त्यांच्या घरचं कुणी भेटेल का? मला ती खोली फक्त बघायची होती."

मला जीभ कधी आवरलीच नाही. म्हटलं, "घरचं कुणी नाही भेटायचं. त्या स्वतःच भेटतील. भाकरी करतायत."

बाईंनी ते मला पुन्हा म्हणायला लावलं. मालती होत्या त्या.

गोदाक्का पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. ओळख मीच करून दिली. मालतीबाई रडत होत्या आणि मधेच 'तू आहेस?' एवढंच म्हणत होत्या. गोदाक्का अगदी कोरड्या होत्या. म्हणाल्या, "कुठं जाऊ? जा म्हणून तुझं उत्तर कुठं आल्तं."

मग उलगडलं. आमच्या भागात मयताची खबर सांगायला माणूस जातो; नातीगोती सगळी तालुक्याच्या तालुक्यात. मालतीबाईंच्या सासरी ती कार्डानं यायची, कोपरा फाडलेल्या कार्डानं, आणि तसलं पत्र उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, बाहेरच फाडून टाकायचं, ही रीत. "सासूबाईंना वाचता येत नव्हतं," मालतीबाई म्हणाल्या. "कोपरा तेवढा वाचता यायचा. आणि असले कागद तुझेच येतात, हे ठाऊक होतं. मी संध्याकाळी घरी आले तर म्हणाल्या, तुझी जालन्याची मैत्रीण गेली, आंघोळ कर. मी विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलं गं तुझ्या नावानं. तुकडेसुद्धा उरले नव्हते. महिन्याभरात यांची बदली झाली. इथे सांत्वनाचं पत्र तरी कुणाला लिहिणार? यजमानांचं नावसुद्धा तू कधी लिहिलं नव्हतंस. ओळखीचं तूच एक माणूस होतीस."

गोदाक्कांनी हाताचं पीठ सोललं. मग त्या पत्रात काय होतं, ते त्यांनी सांगितलं. नवरा, निरोप, आणि 'जाऊ का'.

दूर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. "खोटं कशाला सांगू," मालतीबाई म्हणाल्या. "मी 'जा' लिहिलं असतं. तेव्हा मला दुसरं काही लिहिताच आलं नसतं."

गोदाक्का हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "मंग बराबर कापला की मी कोपरा," म्हणाल्या. मग त्यांनी चहा टाकला. बाई गेल्यावर मला म्हणाल्या, "मी तिच्यावर रुसून राह्यले, ती माझ्यासाठी रडून राह्यली. दोघींचं बी वाया गेलं, सुधा."

पत्रं पुन्हा सुरू झाली. ट्रंकेतले थर कमी होऊ लागले, पण ते संपण्याआधी गोदाक्का अंथरुणाला लागल्या. पोटात पाणी झालं होतं. एक दिवस त्यांनी मला जवळ बोलावून बजावलं की मालतीला फोन करायचा नाही, कागद पाठवायचा. "अन् कोपरा फाडू नको. तिचं माझ्यासाठी एकदा रडून झालंय. बिलकुल परत नको."

त्या गेल्यावर मी ट्रंकेतून बियाण्याचं एक पाकीट काढलं. तसंच उकललं, तशीच घडी घातली. कवटी कोपऱ्यात आली, ती राहू दिली. आत लिहिलं: 'गोदाक्का गेल्या. चारी कोपरे त्यांच्याच सांगण्यावरून शाबूत ठेवले आहेत.' नभांगण वगैरे काही सुचलं नाही.

उत्तर विरीवर आलं. पत्त्यावर नाव गोदाक्कांचंच होतं, म्हणून उघडू की नको असं मला झालं. मग त्यांच्या पायरीवर बसून उघडलं. लिहिलं होतं:

'गोदे, सुनेनं पाकिटावरची कवटी बघून ते बाहेरच धरून ठेवलं होतं. म्हटलं, दे इकडे. या वेळी मी तुला घरात घेतलं.'