कोचची असाइनमेंट

लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या आमच्या मुलीच्या फुटबॉल टीमचा कोच चौदा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळलेला होता. खालच्या डिव्हिजनमध्ये, बचावपटू म्हणून. गुडघा गेला तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. मग काही वर्षं डिलिव्हरीची व्हॅन चालवली आणि शेवटी कोचिंगकडे वळला. कोचिंगचं वरच्या पातळीचं लायसन्स मिळालं तर एखाद्या क्लबात पूर्णवेळ काम मिळणार होतं, पण त्यासाठी लेखी असाइनमेंट होत्या.

एका शनिवारी प्रॅक्टिसनंतर त्याने मला बाजूला घेतलं. "मला नीट वाचता येत नाही," तो म्हणाला. "अक्षरं हलतात. सोळाव्या वर्षी शाळा सोडली, नंतर कुणी विचारलंच नाही. मी बोलतो, तू टाइप करशील?"

मी हो म्हटलं. चार-पाच रविवार तो आमच्या किचनमध्ये बसून बोलायचा. बचावाबद्दल इतकं छान सांगायचा की मी टाइप करायचं विसरायचो.

मग जवळच पिनरला मित्राकडे जेवायला गेलो असताना मी त्याची नक्कल केली. असाइनमेंटचा फॉर्म उलटा धरून कपाळाला आठ्या घालणारा सहाफुटी गोरा. फॉर्म त्याने कधीच उलटा धरला नव्हता. ती भर माझी. सगळे खूप हसले. मुलगी तिथेच सोफ्यावर फोन बघत बसली होती.

पुढच्या शनिवारी तो बोर्डवर नावं लिहायला लागला तशा मुली खिदळल्या. एकीने विचारलं, "कोच, बोर्ड उलटा नाही ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मार्कर खाली ठेवला, नावं तोंडानेच सांगितली आणि तासभर नेहमीसारखी प्रॅक्टिस घेतली.

गाडीत मी मुलीवर ओरडलो. "कुणाची अशी चेष्टा करतात का?"

"पण बाबा, तो गोष्ट तूच सांगितला ना," ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली.

मी तिला गप्प बस म्हणालो.

संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन दारातच माफी मागितली. तो चिडला नाही. "माझ्याबरोबर खेळणाऱ्यांनाही हे कधी कळलं नव्हतं," एवढंच म्हणाला.

उरलेल्या असाइनमेंट त्याने आवाज रेकॉर्ड करून दिल्या. तशी परवानगी मिळते, हे त्याने स्वतःच फोन करून विचारलं. मला ते कधी सुचलंच नव्हतं. लायसन्स मिळालं, उत्तरेकडच्या एका क्लबात नोकरी लागली. जाताना त्याने सगळ्या पालकांशी हात मिळवला, माझ्याशीही.

मुलीची माफी मात्र मी अजून मागितलेली नाही.