कोरबिनशी भांडणारा माणूस

चेकर हॉल गावात ग्राफ्टन बाइनो दोन गोष्टींसाठी ओळखले जायचे. त्यांनी उभं आयुष्य सरकारी बस चालवली, आणि उभं आयुष्य वेंडेल कोरबिनशी त्यांचं पटलं नाही. कोरबिन म्हणजे रेडिओवर क्रिकेटचं धावतं वर्णन करणारे. बार्बाडोसमधल्या पोरांना आजोबांच्या आधी कोरबिनचा आवाज ओळखू यायचा. या दोघांची गाठ कधीच पडली नव्हती. भांडण संपूर्ण एकतर्फी होतं, पण बाइनोंनी ते दोघांच्या वाटचं निभावलं.

"फलंदाजानं चेंडू सोडून दिला," असं बसच्या रेडिओवर कोरबिन म्हणाले की स्टिअरिंगमागून बाइनो उखडायचे, "सोडून कसला देतोय? दिसलाच नाही त्याला." या नादात थांब्यावर हात करून उभी असलेली माणसं तशीच मागे राहायची. बसमधलं कुणी तक्रार करत नसे. सामना चालू असताना बाइनोंच्या बसमध्ये पुढच्या बाकासाठी भांडणं होत.

निवृत्तीनंतर हा तंटा घरी आला. बायको व्हेल्मा स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, त्या बिचाऱ्याला ऐकू जात नाही."

"म्हणून तर सुधारत नाही," बाइनो म्हणायचे.

पुढे व्हेल्मा गेली. मुलगी टोरांटोला, रविवारी तिचा फोन यायचा, आणि "जेवलात ना?" इथपर्यंत येऊन अडायचा. त्या लाकडी घरात मग मनापासून बोलायला एकच माणूस उरला, आणि त्याला बाइनोंचं एक अक्षरही मान्य होण्याची सोय नव्हती, कारण ते त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

कोरबिन वारल्याची बातमी बाइनोंना डार्नलीच्या रमच्या दुकानात, डॉमिनोचा डाव रंगात असताना कळली. डार्नली बाटली पुसत हळूच म्हणाला, "मिस्टर बाइनो, तुमचे कोरबिन गेले."

"माझे कसले?" बाइनो म्हणाले, आणि त्यांनी हातातली सोंगटी टेबलावर आपटली. सोंगटी साफ चुकीची होती. चौघांनी ती पाहिली, पण कुणी चकार शब्द काढला नाही. डाव तसाच पुढे चालला. ज्या दुकानात चुकीच्या सोंगटीवरून सख्ख्या भावांनी अबोला धरला होता, तिथे याहून मोठं सांत्वन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रेडिओवरचा दुपारचा फोनचा कार्यक्रम कोरबिनच्या आठवणींसाठी ठेवला होता. या कार्यक्रमात अख्खं बेट रोज आपापलं गाऱ्हाणं मांडतं. त्या दिवशी मंत्री बोलले, एक म्हातारा वेगवान गोलंदाज बोलला, कोरबिनच्या शाळेतल्या बाई बोलल्या. प्रत्येकाचं काही ना काही नातं होतं. बाइनोंचं कुठलंच नव्हतं, पण आभार मानायचे राहिले होते, आणि ते राहू द्यायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं. फोनवर दिसत नाही हे ठाऊक असूनही त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

बऱ्याच वेळाने फोन लागला.

"पुढचे श्रोते, बोला."

"गुड आफ्टरनून. चेकर हॉलहून बाइनो."

"मिस्टर बाइनो, आधी तुमचा रेडिओ बंद करा बरं. आवाज घुमतोय."

ही चूक बेटावर रोज कुणीतरी करायचं आणि बाइनो रोज त्या माणसाला मूर्ख म्हणायचे. ते उठले आणि त्यांनी बटण फिरवलं. व्हेल्मा गेल्यापासून दिवसाउजेडी तो रेडिओ कधी बंद झाला नव्हता. घर एकदम मोठं झालं. फ्रिजची घरघर ऐकू आली. पत्र्यावर एक काळा पक्षी चालत होता, त्याची नखंसुद्धा ऐकू आली.

"बोला, ऐकतोय आम्ही."

बाइनोंनी सगळं मनाशी जुळवून ठेवलं होतं. पण त्यांची आजवरची वाक्यं कुणाच्या तरी वाक्यावर तुटून पडलेली. समोरून आवाज नसताना सुरुवात करायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

"मी..." ते म्हणाले. मग बराच वेळ अख्ख्या बेटाने फक्त त्यांचा श्वास ऐकला.

"मिस्टर बाइनोंना भरून आलेलं दिसतंय. पुढचा फोन घेऊ या."

ते परसात आले. कुंपणापलीकडे शेजारच्या मिस अर्माइन (बेटावर लग्न झालेल्या बाईलाही मिसच म्हणतात) तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. खिडकीत त्यांचाही रेडिओ होता.

"ग्राफ्टन, पुऱ्या देशासमोर 'मी' म्हणालास. बरं केलंस, आम्हाला शंका होती." मग शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "काय सांगायचं होतं रे?"

"व्हेल्माला पोचवून आलो त्या दिवशी कसोटी चालू होती," बाइनो म्हणाले. "तुम्ही सगळे जेवून घरी गेलात. मी रेडिओ लावला, तर पावसाने खेळ थांबलेला. सांगण्यासारखं काही नव्हतं. पण तो बोलत राहिला. ढग कुठून आले, खेळपट्टीवर घातलेल्या ताडपत्र्या कशा ओढल्या, त्यांच्यावर कुणाचं कुत्रं जाऊन बसलंय. अंधार पडेपर्यंत गप्प बसला नाही. मी एकदाही उलट बोललो नाही."

मिस अर्माइनचे हात थांबले. मग पुढची शेंग उचलून त्या नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "तसा पावसात फारच बडबड लावायचा तो. आमचे हे तर रेडिओ बंदच करायचे."

"बंद?" बाइनो ताठ झाले. "काय कळतं हो तुमच्या त्यांना? चेंडू पडत असताना कुणीही बोलेल. काहीच घडत नसताना बोलून दाखवावं. अहो, ते कुत्रं उठून गेलं तर त्याने आम्हाला सांगितलं, काळजी करू नका, स्टँडखाली कोरड्यात बसलंय..."

आतून भांडं उतू गेल्याचा चर्र आवाज आला. मिस अर्माइन शेंगांची टोपली तशीच टाकून घाईने आत पळाल्या. बाइनोंच्या ते लक्षात आलं नाही. कुंपणाच्या पत्र्याला धरून ते कोरबिनची बाजू लढवत होते. त्याने फिरकी गोलंदाजांवर अन्याय केला हे खोटं आहे. तो बेटाच्या खेळाडूंना झुकतं माप द्यायचा हेही खोटं आहे. मग मान वर केली तर समोर रिकामं स्टूल.

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मुद्दा अर्ध्यावर आला होता. आवाज थोडा खाली आणून त्यांनी तो पुरा केला.